मागचं डावं चाक

“आता येतोय का?” तिने विचारलं आणि गाडीचा वेग थोडा वाढवला.

तो शेजारच्या सीटवर मान तिरकी करून बसला होता. खिडकीची काच खाली होती. बाहेर गोदामांची लांबलचक भिंत मागे सरकत होती. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, म्हणून तिने मुद्दाम हा रस्ता धरला होता.

“येतोय,” तो म्हणाला.

“कसा येतोय?”

“येतोय ना. बेअरिंगचा असतो तसा.”

तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग समोरच्या काचेकडे बघत ती काहीतरी बोलली. त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे नव्हतं.

“हं,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. “हं काय? मी विचारलं, तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही?”

त्याने काच वर केली. पुन्हा खाली केली. या गाडीत तो गेली कित्येक वर्षं तिच्या शेजारी बसत होता, पण असं पकडलं जाण्याची वेळ आली नव्हती. ओठ बघून अर्धं कळायचं, उरलेलं अंदाजाने भरून काढता यायचं आणि दोन्ही जमलं नाही तर ‘हं’ होतंच.

“सगळंच येत नाही असं नाही,” तो म्हणाला. “खालचे आवाज जरा जातात. घरघर वगैरे.”

“मागून एवढी घरघर येतेय की मला रेडिओ लावावासा वाटतोय,” ती म्हणाली. तिने इंजिन सुरू केलं. घरी पोचेपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. गाडी मात्र बोलत असणार.

वसाहतीत त्याला सगळे पंपवाले म्हणत. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याने उभी नोकरी काढली, तीही बहुतेक रात्रपाळीत. रात्री गावाला पाणी लागत नाही, पण टाक्या रात्रीच भराव्या लागतात. जमिनीखालच्या त्या लांब खोलीत पंप एका ओळीत धडधडत असायचे आणि तो त्यांच्यामधून हातात तेलाचं डबडं घेऊन फिरायचा. सुरुवातीला कानात कापसाचे बोळे घालायचा. पुढे ते घालायचं सुटलं, कारण कानच बोळे घातल्यासारखे झाले. पण हाताला सगळं कळायचं. पंपाच्या अंगावर तळवा ठेवला की आत काय चाललंय ते त्याला समजे. साहेब लोक म्हणत, याचा कान तयार आहे. तो हसून मान डोलवायचा.

उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. त्याआधी काही महिने त्याची आई गेली. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं बायकोनेच केलं. आईनंतर घरातला पलंग निघाला, औषधांचं टेबल निघालं, खोलीला रंग दिला. आता जरा निवांतपणा येईल असं त्याला वाटत होतं. अशात एका संध्याकाळी ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी राहायला जाणार आहे.”

हे त्याला नीट ऐकू आलं होतं.

तिची शाळेपासूनची मैत्रीण होती. दुसऱ्या गावाबाहेर तिची रोपवाटिका होती. बियांच्या कोठाराच्या वर एक खोली रिकामी होती. मैत्रीण कधीपासून बोलावत होती आणि कधीपासून ती नाही म्हणत होती.

“किती दिवस?” त्याने विचारलं होतं.

“दिवस ठरवून नाही जात.”

भांडण झालं नाही. आवाज चढला नाही. लेकीने फोनवर त्याला विचारलं, “बाबा, आईला तू विचारलंस का, का जातेय म्हणून?” तो म्हणाला, विचारीन. मग विचारायचं राहत गेलं. रोज सकाळी विचारू म्हणायचा आणि रोज सकाळी ती काहीतरी आवरत असायची.

गाडी तिच्या वडिलांची. त्यांच्यामागे तिच्याकडे आली, तेव्हाच जुनी होती. चालवायची तीच. रोपवाटिका मुख्य रस्त्यापासून आत, तेव्हा गाडी तिच्याबरोबर जाणार हे न बोलताच ठरलं. फक्त मागून घरघर येत होती आणि निघायचा दिवस परवावर आला होता.

“गॅरेजमध्ये टाकते,” ती म्हणाली होती.

“कशाला? मी करतो,” तो म्हणाला. बेअरिंगं त्याने आयुष्यभर बदलली होती. पंपाची काय आणि चाकाची काय, जात एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणातल्या फरशीवर गाडी सरळ उभी केली. हँडब्रेक सोडला, गाडी गिअरमध्ये ठेवली, पुढच्या चाकांना विटा लावल्या. शेजारच्या कंपाउंडरकडून लोखंडी घोड्या मागून आणल्या. कंपाउंडर दवाखान्यात निघाला होता, तरी शर्टाच्या बाह्या सावरत स्वतः घोड्या उचलून घेऊन आला.

“जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, पंपवाले,” तो म्हणाला. “फ्रॅक्चर आमच्याकडे बघत नाहीत.”

मागचा भाग उचलून घोड्यांवर ठेवल्यावर त्याने बायकोला हाक मारली.

“जरा चाक फिरव.”

तिने डावं चाक जोरात फिरवलं. त्याने आत हात घालून स्प्रिंगवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. स्प्रिंगमधून बारीक खरखर त्याच्या तळव्यात आली. वाळू चावल्यासारखी.

“गेलंय,” तो म्हणाला. “आता उजवं.”

उजव्याची खरखर कमी होती. अजून वर्षभर ओढलं असतं.

“मग ते राहू द्या,” ती म्हणाली.

“दोन्ही बाजूंची आणलीत. दोन्ही बदलू.”

चाक काढलं. मधली टोपी ठोकून काढली, पिन सरळ करून ओढली, नट सोडला. ब्रेकचा ड्रम हलवत हलवत बाहेर आला तेव्हा कमरेतून एक कळ निघाली आणि तो थोडा वेळ ड्रम मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. आतलं ग्रीस काळं पडलं होतं. बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात लोखंडाची चमकी दिसली. बेअरिंगचे रोलर खवले पडल्यासारखे झाले होते.

मग तो आस पुसायला लागला. बेअरिंग जिथे बसतं तिथे, आतल्या बाजूला, एक ओरखडा होता. त्याने त्यावरून नख फिरवलं. नख अडकल्यासारखं झालं. बेअरिंग आसावर फिरलं की असं होतं. जास्त झालं तर आसच बदलावा लागतो आणि या गाडीचा आस आता कुठल्या दुकानात मिळणार? मागवायचा म्हटला तर महिना गेला असता. कदाचित मिळालाही नसता.

त्याने पॉलिश पेपर घेतला आणि ओरखड्यावरून हलक्या हाताने फिरवला. पुसलं. नवं बेअरिंग सरकवून बघितलं. ते आसावर सरळ, अंगासरशी बसलं. हलवून बघितलं, कणभरही हललं नाही. आस चांगला होता. एखाद्या अनोळखी माणसाची गाडी असती तर त्याने दुसऱ्यांदा बघितलंही नसतं.

ती चहाचे कप घेऊन पायरीवर आली होती. त्याचं थांबणं तिच्या लक्षात आलं.

“काय झालं?”

तिला यातलं काही कळत नव्हतं. आस गेलाय असं तो म्हणाला असता तर तिने मान्य केलं असतं. कंपाउंडरला विचारायलाही गेली नसती. यंत्राच्या बाबतीत तिने त्याचा शब्द कधी तपासला नव्हता. त्याने नवं बेअरिंग पुन्हा बाहेर काढलं आणि फडक्यावर ठेवलं.

“आस बिघडलाय का?” तिने जवळ येऊन, त्याला दिसेल असं वाकून विचारलं.

तो आसाकडे बघत राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “चांगला आहे. साफ करतोय.”

चहा पिऊन झाल्यावर ती आत गेली नाही. पदर खोचून त्याच्यासमोर फरशीवर बसली. ड्रममधल्या जुन्या पोलादी कड्या, ज्यांना गॅरेजवाले कप म्हणतात, त्या छिन्नीने आतून ठोकून काढायच्या होत्या. तिने ड्रम धरला, त्याने ठोकल्या. प्रत्येक घावाला ती डोळे बारीक करत होती.

“नव्या कड्या बसवताना तुझं काम आहे,” तो म्हणाला.

“माझं कसलं?”

“कडी पूर्ण तळाला गेली की हातोडीचा आवाज बदलतो. पोकळ असतो तो भरीव होतो. पूर्वी मला कळायचं. आता तू सांग.”

त्याने नव्या कडीवर जुनी कडी ठेवली आणि चहूबाजूंनी सारखे घाव घालत गेला. ती कान देऊन ऐकत होती. आजारी माणसाच्या श्वासाकडे लक्ष द्यावं तशी.

“अजून नाही,” ती म्हणाली. “अजून नाही. थांबा, परत मारा. नाही, अजून.” आणि मग एकदम, “आता. आता बदलला.”

त्याने आत बोट घालून बघितलं. कडी तळाला टेकली होती.

ग्रीस भरायचं काम तिने मागून घेतलं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, रोलरच्या फटींमधून ग्रीस वर येईपर्यंत. त्याने एकदा करून दाखवलं. तिला लगेच जमलं. बराच वेळ ती तेच करत होती आणि मग मान वर न करता बोलायला लागली. लगेच तिच्या लक्षात आलं असावं. तिने मान वर केली आणि पुन्हा सुरुवात केली.

“मुलगी बोलायला शिकली तेव्हा मी तिला पहिलं वाक्य काय शिकवलं, माहीत आहे? ‘हळू, बाबा झोपलेत.’ चमचा पडला तरी मी आधी तुमच्या खोलीकडे बघायचे. शिट्टी होईल म्हणून मी दुपारी कुकर लावला नाही कधी. या घरात मी जन्मभर कुजबुजत बोलले. आणि तुम्हाला ऐकूच येत नव्हतं.”

“सुरुवातीला येत होतं.”

“कधीपर्यंत?”

त्याने आठवून बघितलं. “ती शाळेत जायला लागली तोपर्यंत असेल.”

ती हसली. हसताना खांदे तेवढे हलले. “म्हणजे उगीचच.”

“सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “कामावर कळलं असतं तर पंपावरून काढून टेबलावर बसवलं असतं. ते मला नको होतं. घरात सांगितलं की बाहेर जातं.” तो थांबला. हातातलं फडकं त्याने दुमडलं. “आणि खरं सांगू का? कधीकधी डोळा उघडायचा. तुम्ही दोघी पायांच्या बोटांवर चालताना दिसायच्या. बरं वाटायचं. वाटायचं, कुणीतरी आपल्यासाठी एवढं करतंय.”

हे बोलून झाल्यावर त्याला ते बोलायला नको होतं असं वाटलं. ती बेअरिंग दाबत राहिली. ग्रीस केव्हाच भरून वर आलं होतं.

“आई पलंगावरून घसरल्या होत्या, आठवतं?” ती म्हणाली. “त्यांचा खुबा गेला तेव्हा.”

“मी उठलो तेव्हा तू त्यांना वर घेतलं होतंस.”

“एकटीने घेतलं. त्याआधी दारात उभी राहून तुम्हाला हाक मारली. दोनदा मारली. तुम्ही कूस बदललीत. मला वाटलं, जागे आहात आणि उठत नाही आहात.”

तो दिवस त्याला आठवत होता, तो संध्याकाळपासूनचा. दुपार त्याच्याकडे नव्हतीच.

“मला ऐकू आलं नाही,” तो म्हणाला.

“ते काल कळलं.”

“तेव्हा विचारायचंस मला.”

“काय विचारणार? का उठला नाहीत म्हणून? त्याचं उत्तर मी त्याच दिवशी देऊन टाकलं होतं मनात. ठरवलं, आई आहेत तोवर. पुढे नाही.”

समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. धूळ उन्हात तरंगत खाली येत होती. त्याने विचारलं, आणि विचारताना आपला आवाज मोठा येतोय की लहान हे त्याला समजत नव्हतं, “मग आता? आता कळलं ना?”

तिने मान वर केली. तिच्या गालाला ग्रीस लागलं होतं.

“कळलं,” ती म्हणाली. “राग गेला. काल रात्री पडल्या पडल्या शोधला, तर नव्हताच. पण राग गेला म्हणून राहावंसं वाटतंय, असं नाही हो. मी दमलेय. मला सकाळी उठून कुणाची झोप सांभाळायची नाही. तुमची नाही, कुणाचीच नाही. एवढंच आहे ते. तुम्ही वाईट होता म्हणून नाही.”

त्याने मान हलवली. या वेळी तो ‘हं’ म्हणाला नाही.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. आतलं बेअरिंग बसवलं, सील ठोकलं, ड्रम चढवला, बाहेरचं बेअरिंग सरकवलं. नट आवळताना त्याने तिला पाना धरायला दिला आणि समजावलं: चाक फिरवत फिरवत आवळायचं, जड झालं की थोडं मागे घ्यायचं. फार घट्ट राहिलं तर बेअरिंग तापतं, सैल राहिलं तर चाक डुगडुगतं. हे तिला तिकडे एकटीला लागेल म्हणून त्याने दोनदा सांगितलं. तिने पिन स्वतः घातली आणि टोकं वाकवली.

उजव्या बाजूला जेवणानंतर सुरुवात केली. तोवर त्याची कंबर पार गेली होती. खाली बसलं की उठवत नव्हतं आणि उठलं की बसवत नव्हतं. ती म्हणाली, “राहू द्या हे, एवढं काही नडलेलं नाही.” त्याने ऐकलं आणि ऐकलं नाही. हातोडी तिने घेतली, ड्रम त्याने धरला. कडी तळाला गेली तेव्हा ती स्वतःशीच “झालं” म्हणाली आणि त्याने ते तिच्या ओठांवर वाचलं. उन्हं उतरायच्या आत दोन्ही चाकं लागली, गाडी जमिनीवर आली.

गोदामांच्या भिंतीच्या रस्त्यावर ती पुन्हा त्याला घेऊन गेली. वेग वाढवला, कमी केला, डावीकडे-उजवीकडे वळवून बघितली. त्याला काहीच फरक कळत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

“नाही येत,” ती म्हणाली. “काहीच नाही येत.”

“पन्नासेक किलोमीटर झाले की चाकाच्या मध्याला हात लावून बघ. कोमट असलं तर चालतं. हात लावायला नको वाटलं तर थांबायचं.”

“बरं.”

भिंत संपल्यावर तिने गाडी थांबवली. ती त्याच्याकडे वळली नाही, पण या वेळी तो तिच्या तोंडाकडेच बघत होता.

“मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी खोट काढाल,” ती म्हणाली. “आस का काय तो. सकाळी इतका वेळ बघत होतात.”

“काढायला हवी होती का?”

तिने गिअर टाकला. गाडी वळवून घराकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी तिचं सामान गाडीत मावून वर जागा उरली. दोन बॅगा, शिलाई मशीन, वडिलांचा फोटो, एक उशी. भांडी तिने घेतली नाहीत. औषधं कुठे, दूधवाल्याचा नंबर कुठे, गिझरचं बटण कसं अडकतं हे सगळं तिने त्याला दाराशी उभं करून सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. चांगल्या मोकळ्या आवाजात. कंपाउंडरची बायको खिडकीत आली आणि परत आत गेली.

“आणि कान दाखवून या,” ती म्हणाली.

“बघतो.”

“बघतो नाही. दाखवून या.”

“येतो दाखवून.”

तिने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग ते बरोबर दिसत नाही असं वाटलं असावं, तिने ते काढलं. गाडीत बसली, आरसा नीट केला. कोपऱ्यावर वळताना ब्रेकचा दिवा लागला आणि विझला.

तिचा निरोप दुपारी लेकीमार्फत आला. आई पोचली, चाकं कोमट होती, असं लेकीने कळवलं. बाबा, तू जेवलास का, असंही विचारलं.

संध्याकाळी तो अंगणात घोड्या पुसत बसला होता. कंपाउंडर दवाखान्यातून आला. फाटकाबाहेर त्याची व्हॅन रस्त्यावरच उभी होती, रोजच्यासारखी, एक चाक गटाराच्या कडेला.

“झाली का गाडी?” त्याने विचारलं.

“झाली.”

“वहिनी कधी येणार परत?”

पंपवाल्याने घोडी खाली ठेवली. “येणार नाही,” तो म्हणाला. “तिकडे राहायला गेली आहे.”

कंपाउंडर थबकला. हातातला डबा त्याने या हातातून त्या हातात घेतला. मग त्याने घोड्या उचलल्या आणि निघाला.

“कंपाउंडर,” पंपवाल्याने हाक मारली. “तुमची व्हॅन आत लावत जा. रस्त्यावर कुणीतरी घासून जाईल.”

“नको हो. तुमची जागा आहे.”

“लावा. आजच लावा.”

त्याने विटा उचलून भिंतीशी रचल्या. फरशीवर जिथे ग्रीस सांडलं होतं तिथे माती टाकली, पायाने दाबली आणि झाडून घेतली. फाटकाची दोन्ही दारं पूर्ण उघडली. कंपाउंडर व्हॅन मागे घेत आत आणायला लागला. मागचं दिसत नव्हतं म्हणून तो चाचपडत होता. पंपवाला भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि आरशात दिसेल असा हात हलवत त्याला आत घ्यायला लागला, थोडं डावीकडे, आता सरळ, अजून आहे जागा, अजून आहे.